वेळ ठरवणाऱ्यांसाठी : एका उन्हाळ्याची रोजनिशी

2 एप्रिल

आज आमच्या ग्रामीण रुग्णालयातला उष्माघात कक्ष सुरू केला. दोन खाटा, दोन कूलर, वाळ्याच्या नव्या ताट्या, बर्फाची पेटी, चादरी भिजवायला मोठा टब. चंद्रपूर जिल्ह्याच्या या टोकाला एप्रिल लागला की ही तयारी करावीच लागते.

नव्या परिचारिकांना पहिल्याच दिवशी एक फरक समजावला. तापात मेंदूच शरीराला तापमान वाढवायला सांगतो, म्हणून पॅरासिटामॉलने ताप उतरतो. उष्माघातात मेंदूने तसे काही सांगितलेले नसते. बाहेरची आणि आतली उष्णता इतकी साठते की शरीर ती बाहेर टाकू शकत नाही. तिथे ती गोळी काहीच करत नाही. अंगाचे तापमान 40 सेल्सिअसच्या, म्हणजे 104 फॅरनहाइटच्या वर गेले आणि माणूस असंबद्ध बोलू लागला, झटके आले किंवा शुद्ध हरपली, की पहिले औषध पाणी. तेही अंगावर.

अंग कोरडे पडले तरच उष्माघात, असे बरेच जण मानतात. घरात पडून असलेल्या म्हाताऱ्या माणसाचे अंग बहुधा कोरडे असते. पण उन्हात राबणारा तरुण गडी घामाने निथळत असतानाही उष्माघाताने कोसळतो. त्वचेपेक्षा वागण्याकडे लक्ष ठेवा, हे सगळ्यांना दोनदा सांगितले.

9 एप्रिल

मुंबई-पुण्याची लेकरे आजोळी यायला लागली. आज ओपीडीत अशीच दोन भावंडे आली. मळमळ, डोकेदुखी, पायांत गोळे. आजी काळजीत. 'इथली पोरं दिवसभर खेळतात जी, यांनाच कसं ऊन लागलं?'

आजीला कारण सांगितले. शरीराला उन्हाची सवय व्हायला साधारण एक ते दोन आठवडे लागतात. त्या काळात घाम लवकर सुटू लागतो, घामातून मीठ कमी जाते, रक्तातला पाण्याचा भाग वाढतो. इथल्या मुलांचे शरीर मार्चपासून हे शिकत आलेले असते, तर पाहुण्यांचे नुकते कुठे शिकू लागलेले असते. म्हणून पाहुण्या मुलांचे खेळ पहिला आठवडाभर सकाळी नऊपर्यंत आणि संध्याकाळी सहानंतर. लग्नासाठी दोन दिवस येणाऱ्या मोठ्या माणसांनाही हेच लागू.

16 एप्रिल

2023 साली याच तारखेला खारघरला पुरस्कार सोहळ्यासाठी लाखो माणसे उघड्या मैदानात बसली होती. उष्माघाताने 14 जण गेले. ती माणसे श्रद्धेने आली होती आणि दुपार होऊनही शिस्तीत बसून राहिली. त्यानंतर दुपारी बारा ते पाच या वेळेत उघड्यावर कार्यक्रम होणार नाहीत, असे शासनाने जाहीर केले.

उकाड्यात घाम येणे पुरेसे नसते. तो वाळला तरच अंग थंड होते. खारघरसारख्या समुद्राकाठच्या दमट हवेत घाम वाळत नाही, म्हणून मुंबई-ठाण्याकडचे 38 अंश आमच्याकडच्या कोरड्या 42 इतके घातक ठरू शकतात. हवामान खातेही हा भेद करते. मैदानी भागात पारा किमान 40 आणि सरासरीपेक्षा साडेचार अंश वर गेला की उष्णतेची लाट. किनाऱ्यावर 37 अंशांपासूनच हा विचार सुरू होतो. 45 झाले की सरासरी न बघता लाट, 47 ला तीव्र लाट. आमच्याकडे मेमध्ये 43-44 रोजचेच, त्यामुळे कागदावर लाट नसलेल्या दिवशीही माझ्या कक्षातल्या खाटा भरतात.

आज दुपारच्या चहाला परिचारिका बसल्या असताना खारघरचाच विषय निघाला. सोहळ्याची, सभेची, मोर्चाची वेळ ठरवणारी माणसे दहा-वीस असतात. ऊन सोसणारी हजारो.

25 एप्रिल

कूलरचा धक्का लागून एका चार वर्षांच्या मुलाला आणले. सुदैवाने वाचला. वडिलांनी वेळीच मेन स्विच पाडला, मग मुलाला ओढले. तसेच हात लावला असता तर दोघे गेले असते.

विदर्भात दर उन्हाळ्यात कूलर जीव घेतो. पत्र्याची बॉडी, ओली फरशी, अनवाणी पाय आणि अर्थिंग नसलेला बोर्ड, एवढे जमले की झाले. तीन पिनांचा प्लग, चालू अर्थिंग आणि घराच्या मेनपाशी गळती ओळखून वीज तोडणारा स्विच ही कूलरइतकीच गरजेची खरेदी आहे. पाणी भरताना प्लग काढायचा, नुसते बटन बंद करून भागत नाही. आणि आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून घासायची, नाहीतर डेंग्यूचे डास घरातच पैदा होतात.

3 मे

लग्नसराई ऐन भरात. मुहूर्त साडेअकराचा, वरात निघाली साडेबाराला, डीजेपुढे नाचणारी पोरे, डांबराचा रस्ता. दोन करवल्या आणि घोड्यावर सूट घालून बसलेला नवरदेव, तिघांनाही चक्कर आल्याने आमच्याकडे आणले. तिघे तासाभरात ठीक झाले, कारण ही उष्माघाताच्या आधीची पायरी होती. भरपूर घाम, थकवा, मळमळ, पण शुद्ध जागेवर. या पायरीवर सावली, सैल कपडे, ओआरएसचे घोट आणि विश्रांती पुरते.

ओआरएसबद्दल नवरदेवाच्या मामांना सविस्तर सांगितले, कारण त्यांनी दुकानातून गोड पेयाचे डबे आणले होते. 1971 च्या युद्धात निर्वासितांच्या छावणीत कॉलऱ्याची साथ पसरली आणि सलाइन संपले, तेव्हा बनगावला डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ आणि ग्लुकोज पाण्यात मिसळून रोग्यांना पाजले आणि असंख्य जीव वाचवले. त्यांना 2023 मध्ये मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले. साखर आणि मीठ ठरावीक प्रमाणात असले तरच आतडे पाणी झपाट्याने ओढून घेते, हे त्या पुडीचे मर्म. साखर जास्त झाली की उलट जुलाब वाढतात. नावात ओआरएस मिरवणाऱ्या गोड पेयांना अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2025 मध्ये तो शब्द वापरायला मनाई केली, ती यासाठीच. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मोजून.

मांडवातला बर्फही पाहून आले. 2018 पासून राज्यात खाण्याजोगा नसलेला बर्फ निळसर रंगवावा लागतो. मठ्ठ्यात किंवा सरबतात निळ्या छटेचा बर्फ दिसला तर तो पोटात जाऊ देऊ नका. बर्फ पांढरा असला तरी तो कोणत्या पाण्याचा, हे विचारावेच.

9 मे

तेंदूपत्त्याचा हंगाम. गावेच्या गावे जंगलात. 70 पानांचा एक पुडा, आणि मजुरी शंभर पुड्यांवर. जितके पुडे तितके पैसे, म्हणून 'आता बस झालं' असे कोणी कोणाला म्हणत नाही. या पंधरा-वीस दिवसांच्या कमाईत पावसाळ्याचे बियाणे आणि मुलांची वह्या-पुस्तके येतात.

ऊन टाळायला माणसे पहाटे चारलाच निघतात. पण काळोखात वाकून पाने तोडणारा माणूस वाघाला माणूस वाटत नाही. ताडोबाच्या भोवतीच्या गावांत या हंगामात वाघाचे हल्ले होतात ते असे. वनखाते सांगते, उजाडल्यावर जा, घोळक्याने जा, एकमेकांना हाका मारत राहा. म्हणजे पहाट वाघाची आणि दुपार उन्हाची. मजुराच्या हाती उरते ती उजाडल्यापासून साधारण दहापर्यंतची वेळ.

आज एका गावच्या ग्रामसभेत याच मुद्द्यावर बोलायला गेले होते. पाने तोडणे सकाळीच आटोपते, पुडे बांधणे घरात सावलीत होते. खरे ऊन लागते ते फळीवर, म्हणजे पुडे गोळा होतात त्या जागी, ते मोजून द्यायला रांगेत तिष्ठताना. मोजणी तीनला सुरू होई. ग्रामसभेने ती साडेपाचला नेली आणि फळीवर मांडव व दोन रांजण ठेवायचे ठरवले. ठेकेदाराच्या माणसाने अंधाराची अडचण काढली. एका बाईने उत्तर दिले, 'बल्ब आमी लावतो जी.' ठराव झाला. रुग्णालयात बसून जे मला कधीच करता आले नसते, ते अर्ध्या तासात झाले.

14 मे

दुपारी दीडला शेजारच्या गावाहून पंचावन्न वर्षांच्या बाईंना आणले. त्यांच्या गावात मोजणी अजून तीनलाच होते, आणि नंबर लावायला माणसे बारापासून येऊन बसतात. बाई बरळत होत्या. थर्मामीटर 106 फॅरनहाइट.

त्या वाचल्या त्या सोबतच्या बायकांमुळे. त्यांनी 108 ला फोन लावला आणि गाडीची वाट पाहत बसण्याऐवजी बाईंना झाडाखाली नेले, लुगडे सैल केले, रांजणातले पाणी डोक्यापासून पायापर्यंत ओतत राहिल्या आणि सुपाने वारा घातला. रुग्णवाहिकेतही ओली चादर आणि उघड्या खिडक्या. 'आशाताईनं शिकवलं होतं जी,' एवढेच त्या म्हणाल्या. शुद्ध नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालायचे नाही, ते फुप्फुसात जाते, हेही त्यांना ठाऊक होते.

आम्ही पाणी, पंखा, मान-काखा-जांघेत बर्फाच्या पिशव्या असे सगळे एकदम सुरू केले. अशा वेळी पहिल्या अर्ध्या तासात तापमान 39 च्या खाली आणणे हे उद्दिष्ट असते. उशीर झाला तर मूत्रपिंड, यकृत, मेंदू एकेक करून निकामी होतात. संध्याकाळी बाईंनी मुलीला नावाने हाक मारली.

बाईंच्या जवळ कांदाही होता. ऊन लागू नये म्हणून इकडे तो सगळेच जवळ ठेवतात. कांदा जेवणात खावा, त्याच्या भरवशावर उन्हात जाऊ नये.

18 मे

रजा. घरच्यांबरोबर कोकणात निघालो. सासूबाई, यजमान आणि दोन्ही मुले. पहाटे पाचला नागपूर सोडले.

समृद्धी महामार्ग सरळ, काँक्रीटचा, मुंबईपर्यंत 701 किलोमीटर. निघण्याआधी टायर गार असताना हवा तपासली. हवा कमी असलेले टायर प्रत्येक फेऱ्यात जास्त दबते, त्यातून तापते, आणि तापलेल्या रस्त्यावर तासन्‌तास 120 ने धावताना फुटते. झिजलेली टायरे उन्हाळ्यात या रस्त्यावर घालूच नयेत. दर दोन तासांनी थांबलो, चालक बदलला. सरळ, एकसारख्या रस्त्यावर डोळे उघडे असूनही मेंदू पेंगतो.

सासूबाईंचे इन्शुलिन पायाशी, गार पाण्याच्या थर्मासशेजारी, ओल्या कापडात. बर्फाला थेट चिकटून नको, गोठलेले इन्शुलिन वाया जाते. डॅशबोर्डच्या कप्प्यात तर मुळीच नको. त्यांना रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळीही आहे. अशा काही गोळ्या, मानसिक आजारांची काही औषधे आणि सर्दीची काही औषधे उन्हाचा त्रास वाढवतात. प्रवासाआधी डोसबद्दल आपल्या डॉक्टरांना विचारावे, स्वतःहून गोळी बंद करू नये.

एका थांब्यावर बंद गाडीत झोपलेले मूल पाहिले. आईवडील 'दोनच मिनिटं' म्हणून आत गेले होते. काच वाजवून त्यांना शोधून आणले. उन्हात उभी असलेली बंद गाडी दहा मिनिटांत आतून सुमारे दहा अंशांनी तापते, आणि मुलाचे शरीर मोठ्यांच्या कितीतरी पट वेगाने. एसी बंद असेल तर मूल गाडीत ठेवायचेच नाही, मग काच थोडी उघडी असो वा नसो.

भर दुपारी गाडी चालवायची नाही असे ठरवलेच होते. बारा ते चार शिर्डीच्या अलीकडे एका धर्मशाळेत आराम केला.

20 मे

गुहागर. समोर लांबच लांब पुळण, मागे सुरूची आणि नारळाची झाडे. मुले पहाटेपासून 'समुद्र, समुद्र' करत होती, पण ज्यांच्याकडे उतरलो आहोत त्या काकांनी आधी तिथी विचारली. तिथीला पाऊणने गुणायचे, की भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग. भरती रोज पाऊणएक तासाने पुढे सरकते, म्हणून कालची वेळ आज चालत नाही.

काकांचे नियम साफ. ओहोटी लागली की कमरेच्या वर जायचे नाही, कारण पाणी आत ओढते. उधाणाच्या दिवशी घोट्याच्या पुढे नाही. दोन्ही बाजूंना लाटा फुटत असताना मधलाच पट्टा शांत दिसला, तर तिथे तर पाऊल टाकायचेच नाही. परत जाणारे पाणी तिथूनच आत धावते. त्यात सापडले तर किनाऱ्याकडे झगडायचे नाही. दमून माणूस बुडतो. किनाऱ्याला समांतर पोहत प्रवाहाच्या बाहेर पडायचे, मग वळायचे.

2016 च्या फेब्रुवारीत रायगडमधल्या मुरुडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले 14 विद्यार्थी बुडाले. त्यांचा विचार माझ्या मनातून दिवसभर गेला नाही. सहलीची तारीख आपण सुट्टी बघून ठरवतो, पाण्यात उतरायची वेळ बस पोहोचेल तशी. तिथले गाव मात्र तिथी बघून होडी घालते. सहल नेणाऱ्याने गावातल्या एका माणसाला 'आज भरती कधी?' एवढे विचारले तरी केवढा फरक पडेल.

आणखी एक. बुडणाऱ्याला वाचवायला पोहता येत असले तरी एकट्याने उडी घेऊ नये. दोर, काठी, झाकण लावलेला रिकामा कॅन, जे हाताशी असेल ते फेकावे. बाहेर काढलेल्या माणसाचे पोट दाबून पाणी काढण्यात वेळ घालवू नये. श्वास नसेल तर आधी तोंडाने श्वास द्यावा, मग छातीवर दाब.

22 मे

रात्री शेजारच्या वाडीतल्या मुलाला विंचू चावला. जळणाचे लाकूड उचलताना. लाल विंचू. मुलगा घामाने चिंब, हातपाय गार, उलट्या. लगेच गाडीत घालून दवाखान्यात नेले. तिथल्या डॉक्टरांनी प्राझोसिन दिले आणि रात्रभर जवळ बसून राहिले. सकाळी मुलगा पेज जेवला.

कोकणात लाल विंचवाच्या दंशाने एके काळी मुले पटापट जात. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी रोग्यांच्या उशाशी बसून दंशाचा हृदयावर होणारा परिणाम नोंदला आणि 1980 च्या दशकात रक्तदाबाचे हे स्वस्त औषध त्यावर लागू पडते हे दाखवून दिले. 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. एका ग्रामीण डॉक्टरने खेड्यात राहून जगाला दिलेले हे ज्ञान आहे, आणि मला त्याचा मनापासून अभिमान वाटतो. पण ते कामी येते, औषध वेळेत पोहोचले तरच. मंत्र, चिंचोका, दंशाची जागा कापणे यात गेलेला प्रत्येक तास मुलाच्या हृदयावर जातो. उन्हाळ्यात अंगणात झोपताना खाट आणि मच्छरदाणी, अंधारात बॅटरी, पायात घालण्यापूर्वी झटकलेले बूट, एवढी काळजी विंचू आणि साप दोघांसाठी पुरते.

28 मे

परत कामावर. नवतपा चालू आहे. सूर्य रोहिणी नक्षत्रात असतानाचे हे दिवस इकडे सगळ्यात कडक मानतात. नागपूरला 23 मे 2013 रोजी 47.9 अंश नोंदले गेले होते.

आजच्या रोग्यांत उन्हात गेलेले कोणीच नव्हते. तिघेही वृद्ध, तिघेही टिनाच्या छपराखाली, दुपारभर एकटे. रात्रीही घर गार होत नाही, तेव्हा शरीराला सावरायला उसंत मिळत नाही. अशा घरात नुसता पंखा गरम वारा फिरवतो. अंगावर ओले फडके घेतले तरच तो उपयोगी पडतो. आशाताईंबरोबर बसून यादी केली. एकटे राहणारे वृद्ध, अंथरुणाला खिळलेले, गरोदर बाया. दुपारी दोन ते चारच्या दरम्यान प्रत्येक दारी कोणीतरी डोकावेल. लघवी गडद पिवळी आहे का, हे विचारायला कोणी लाजायचे नाही, असेही ठरले.

8 जून

पहिला वळीव. माणसे आनंदाने बाहेर आली, आणि तासाभरात वीज पडून शेतातल्या झाडाखाली थांबलेल्या दोन बाया कोसळल्या. एकीला वाचवता आले. वीज पडलेल्या माणसाच्या अंगात वीज साठून राहत नाही, हे माहीत असलेल्या मुलाने लगेच छातीवर दाब द्यायला सुरुवात केली होती. दुसरीजवळ जायला कोणी धजावले नाही.

वीज चमकल्यापासून गडगडाट तीस सेकंदांच्या आत ऐकू आला तर ढग दहा किलोमीटरच्या आत आहे. काम टाकून पक्क्या घरात जायचे, शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास आतच थांबायचे. झाड म्हणजे आसरा नाही. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचे दामिनी ॲप जवळपासच्या विजांची आगाऊ सूचना देते. गावात एकाच्या फोनमध्ये असले तरी पुरे, त्याने हाक मात्र सगळ्यांना द्यायला हवी.

उष्माघात कक्षाची वही आज बंद केली. तिच्यातली नावे पुन्हा वाचली. वरातीतली पोरे, फळीवरच्या बाई, रोजगाराच्या कामावरचे गडी, घराच्या स्लॅबवर राबणारे मिस्त्री. क्वचितच कोणी स्वतः ठरवून भर दुपारी उन्हात गेले होते. वेळ दुसऱ्या कोणीतरी ठरवली होती.

म्हणून ही पाने त्या दुसऱ्यांसाठी. तुम्ही मुलीचे लग्न काढत असाल तर मुहूर्त गोरज धरा. बांधकाम चालू असेल तर स्लॅब पहाटे टाका आणि अकराला सुट्टी करा. शिबिर, सहल, सभा, सामना, पालखी, जे काही तुमच्या हाती असेल त्याची वेळ ठरवताना उन्हाची, भरतीची, ढगांची वेळ आधी विचारा. पुढच्या वर्षीची निमंत्रणे छापायला टाकण्यापूर्वी घड्याळाकडे एकदा बघा; बारा ते चार रिकामे ठेवा.